दिवा वाढव

हे प्रकरण लिहायला मी सकाळपासून चार वेळा बसले आणि चार वेळा उठले. एकदा चहा टाकायला, एकदा दोरीवरचे कपडे काढायला, एकदा फाटकाशी कुणी आलंय असं वाटलं म्हणून, आणि एकदा काहीच कारण नसताना. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "बस की गं एका जागी. पायाला भिंगरी लागलीय नुसती." मी बसले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ, हेन्डरसनच्या पलीकडच्या टेकड्यांत एका फ्रेंच कुटुंबाचा द्राक्षमळा होता. तिथे आम्ही दोन वर्षं राहिलो. त्यातल्या एका दुपारी मी जे केलं, ते आमच्या घरी पाहुण्यांना हसत हसत सांगितलं जातं. बाबा होते तोवर ते अगदी नकलेसकट सांगायचे. आतापर्यंत त्या गोष्टीत मीही सगळ्यांबरोबर हसत आले. ते हसणं खोटं होतं, म्हणून आता लिहायला घेतलंय.

मळ्यावर आम्ही गेलो ते आईच्या नोकरीमुळे. त्याआधी आम्ही ओटाहुहुला स्टेशनजवळच्या एका फ्लॅटमध्ये होतो आणि बाबा पेनरोजच्या एका गोदामात खोकी चढवायचे-उतरवायचे. आई मायक्रोबायॉलॉजीची बीएस्सी. पुण्यात तिने आठ वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये काढली होती, आणि इथे आल्यावर प्रत्येक मुलाखतीत ती मान ताठ करून सांगायची, "आय वर्क्ड एट इयर्स इन अ डेअरी." समोरचा माणूस कौतुकाने मान हलवायचा आणि नोकरी काही मिळायची नाही. न्यूझीलंडमध्ये डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, हे तिला कळेपर्यंत दीड वर्ष गेलं. तोवर निम्म्या ऑकलंडला ती आठ वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसत होती असंच वाटलं असणार. रेमोंला तसं वाटलं नाही, कारण तो स्वतः फ्रान्समधून आलेला. त्याच्या डोक्यात डेअरी म्हणजे दूध, दही, चीज आणि त्यांतले जंतू. त्याने तिच्यासमोर तीन ग्लास ठेवले आणि नुसता वास घ्यायला सांगितलं. आईने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, पण आमटी संध्याकाळी आंबणार हे तिला दुपारीच वासावरून कळायचं. तिने मधल्या ग्लासावर बोट ठेवून सांगितलं, हे बिघडायला लागलंय. रेमोंने बायकोला हाक मारली आणि आम्हाला राहायला मळ्यातलं छोटं घर मिळालं.

रेमों आणि ओदेत दोघंही तेव्हा सत्तरीला टेकलेले. फ्रान्समध्ये रेमोंच्या घरी तीन पिढ्यांचा मळा होता. भावाशी पटलं नाही म्हणून तो जगाच्या या टोकाला आला आणि इथेही त्याने तेच केलं, उतारावर मर्लो नावाच्या काळ्या द्राक्षांच्या वेली लावल्या आणि एकच लाल वाइन काढली. पांढरी काढ, खपेल, असं लोक सांगायचे तेव्हा तो म्हणायचा, पांढरी पाहिजे तर पाणी प्या. ओदेत बुटकी, कायम एप्रनमध्ये, आणि बोलताना माझी हनुवटी धरणारी. त्यांचा मुलगा सिडनीला होता, त्याला मळ्यात काडीचा रस नव्हता. दर रविवारी त्यांच्या लांब टेबलावर आम्ही पाच जण जेवायचो. ओदेत कांदे आणि लाल वाइन घालून कोंबडी तासन् तास शिजवायची. ती वाइन शिजताना उडून जाते असा बाबांनी स्वतःचा समज करून घेतला होता आणि रश्शाला ते तिसऱ्यांदा पाव लावायचे. आईची वांग्याची भाजी ओदेतला इतकी आवडायची की ती पातेल्यातच पाव फिरवायची. आई नजर दुसरीकडे वळवायची, उष्टं-खरकटं तिच्यात फार भिनलेलं. वाइन मात्र ती रोज चाखायची आणि नीट थुंकायची. "बघा, मला थुंकायचा पगार मिळतो," असं ती बाबांना म्हणायची. पुण्यातल्या आत्यांना कळवलं होतं ते फक्त एवढंच की वहिनी फळप्रक्रियेत आहे.

हे सगळं आज मी चवीने लिहितेय, पण तेव्हा मला तिथे एक मिनिट राहवत नव्हतं. मी पंधरा वर्षांची होते. सकाळी उठलं की वेली, खिडकी बदलली तरी वेली, आणि पाखरं उडवायला लावलेली गॅसची बंदूक दर वीस मिनिटांनी धाडकन वाजायची. शाळेची बस फाटकापासून पाऊण तास चालल्यावर मिळायची, निदान मला ते पाऊण तास वाटायचे. माझं सगळं ओटाहुहुला राहिलं होतं. नेटबॉलची टीम, स्टेशनसमोरचं चिप्सचं दुकान आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. ती टोंगाची, आणि तिचं नाव मेले. आमच्या आईची त्या नावाने काय पंचाईत केली असेल, हे मराठी माणसाला सांगायला नको. ती मेलेचा फोन आला की "तुझ्या मैत्रिणीचा" म्हणायची, मेले घरी आली की तिला "मेरी" म्हणायची, आणि ती बिचारी गोड हसून दरवेळी सांगायची, "इट्स मेले, आँटी." आई कानावर हात ठेवायची तेवढी बाकी राहायची.

आईचं हे फार होतं. घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. तांदूळ संपले असं तिच्या घरात कधी झालं नाही, ते वाढले. बांगडी फुटली नाही, वाढवली. आणि देवापुढचा दिवा विझवायचा नाही, तो वाढवायचा. मळ्यातलं घर आख्खं लाकडाचं, छताला स्मोक अलार्म, त्यामुळे निरांजन तेवत ठेवून बाहेर पडायची सोय नव्हती. आई दारात चपला घालता घालता ओरडायची, "मिनू, दिवा वाढव गं." मी नाक मुरडत आत जायची आणि फुलाच्या पाकळीने वात तुपात बुडवायची. हे मी रोज करत होते. चौथीपर्यंत पुण्यात मराठी शाळेत शिकलेली मुलगी होते मी. मी उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायची ती येत नव्हतं म्हणून नव्हे, तर आईला बोचावं म्हणून. ती काही म्हणाली की "ओके". त्यापुढे फार तर "व्हॉटेव्हर".

दुसऱ्या वर्षी तोडणीच्या सुमारास रेमोंने आईला एक टाकी दिली. एक लहान स्टीलची टाकी आणि उताराच्या वरच्या अंगाच्या चार ओळी. द्राक्षं तू निवडायची, केव्हा तोडायची ते तू ठरवायचं, मी मध्ये पडणार नाही. हा तिचा मान होता, आणि परीक्षाही. रविवारी जेवताना रेमोंने ते उघडच सांगितलं. ही टाकी चांगली उतरली तर पुढच्या वर्षापासून मळा आईने चालवायचा, तो आणि ओदेत नुसते सावलीत बसून नावं ठेवतील, आणि छोटं घर कायमचं आमचं. बाबांचे डोळे भरून आले. आईने पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला आणि पुटपुटली, "बघू या." मी मात्र मनात वर्षं मोजली. शाळा संपेपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं, इथेच! मी म्हटलं, "डझ एनीवन वाँट टू आस्क मी?" कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं, हेही खरंच. ओदेतने माझी हनुवटी धरून माझ्या ताटात आणखी एक तंगडी वाढली.

आईने त्या टाकीसाठी काय केलं नाही! घडातला खराब मणी न् मणी ती बोटांनी काढत बसायची. चुरडलेल्या द्राक्षांची सालं वर येऊन त्यांचा जाड थर धरतो, त्याला सगळे टोपी म्हणायचे. ती टोपी दिवसातून तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबावी लागते, नाहीतर ती तापते आणि खालचा रस नासतो. मी शाळेत जायच्या आधी आई मला हाताला धरून शेडमध्ये न्यायची आणि टाकीला कान लावायला सांगायची. "ऐक, आंबोळीचं पीठ कसं बोलतं, तसं आहे की नाही?" आतून बारीक चुरचुर ऐकू यायची. मला ते आवडायचं. आवडतंय हे कळलं की मी कान काढून घ्यायची आणि म्हणायची, "आय विल मिस द बस."

पण त्या वर्षी थंडी लवकर आली आणि आईच्या टाकीतली चुरचुर मंदावली. रेमोंने कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसले दोन लाल दिवे टाकीशेजारी टांगले आणि टाकीला जुनी रजई गुंडाळली. दिव्यांना एक गोल बटण होतं, फिरवलं की ऊब कमी-जास्त व्हायची. ओदेत त्यांना फ्रेंचमध्ये लांप म्हणायची, आई दिवा म्हणायची. दोन दिवसांत टाकीने उचल खाल्ली. आता ती स्वतःच तापणार होती, म्हणून दिव्यांवर लक्ष ठेवायचं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी रेमों शिडीवरून पडला. मी शाळेतून आले तर फाटकात आई गाडी सुरू करून उभी, मागे ओदेत आणि मनगट छातीशी धरून पांढराफटक रेमों. बाबा पेनरोजला. "हॉस्पिटलला नेतेय, फोन करते," एवढं म्हणून आई गेली. मळ्यावर मी एकटी उरले, आणि ती बंदूक.

फोन साडेचारला आला. आईच्या मागे कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. ती घाईने बोलली, पण मला त्यातला शब्द न् शब्द अजून ऐकू येतो. "मिनू, शेडमध्ये जा. टाकीचा थर्मामीटर बघ. तिसाच्या वर गेला असेल तर दिवा वाढव, रजई काढ, दार उघड, आणि टोपी दाबून घे. आम्हाला अजून दोन-तीन तास लागतील. कळलं ना?" मी म्हटलं, "हो आई, वाढवते."

शेडमध्ये थर्मामीटर बत्तिसावर होता. टाकी जोरात बोलत होती, कान लावायचीही गरज नव्हती, आणि वास इतका गोड आणि दाट की डोकं गरगरावं. मी बटणापुढे उभी राहिले. वाढव. मला काय करायचंय ते मला माहीत होतं. मला आणखी एक गोष्ट माहीत होती, की तोच शब्द उलटाही ऐकता येतो. इथे वाढलेल्या मुलीने तो उलटा ऐकला तर तिला कोण बोल लावील? हे सगळं माझ्या मनात इतकं स्वच्छ आलं की त्याची मला आजही लाज वाटते. रागाच्या भरात हात फिरला असं लिहायची फार इच्छा आहे. तसं झालं नाही. मी बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलं, रजई होती तशी ठेवली, दार ओढून घेतलं आणि दांड्याला हात लावला नाही. मग घरात जाऊन मेलेला फोन केला. तिला सांगितलं, आम्ही बहुतेक परत येतोय. ती खुशीत म्हणाली, "स्वीट ॲज!" आणि आम्ही नेटबॉलबद्दल बोलत राहिलो. बोलताना मी सारखी येरझाऱ्या घालत होते, फोनची वायर पुरायची नाही तिथपर्यंत जायची आणि परत फिरायची.

आई आली तेव्हा थर्मामीटर चाळिशीच्या पार गेला होता. एवढ्या उष्णतेत साखरेची दारू करणारे जंतू मरतात, ते पुन्हा उठत नाहीत. आईने दार उघडलं, दिवे पाहिले, बटणाकडे पाहिलं. मग टाकीला कान लावला. आत काहीही बोलत नव्हतं. मी दारात उभी राहून माझं वाक्य म्हटलं, "यू सेड वाढव. आय थॉट इट मीन्स टर्न इट अप." आई वळली नाही. तिचा कान तसाच टाकीला होता. मी तिच्या पाठीकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता ती ओरडेल, आता फिरून एक ठेवून देईल, आणि मग सगळं सोपं होईल. तिने बाही वर केली, दांडा उचलला आणि मेलेली टोपी दाबायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने रेमोंला सांगितलं की चूक तिची आहे. तिच्या भाषेत दिवा विझव म्हणत नाहीत, वाढव म्हणतात, आणि पोर लहानपणी इकडे आली, तिला काय कळणार. इंग्लिशमध्ये सांगायला हवं होतं. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेला रेमों ऐकत राहिला. दिवा विझवायचा नाही म्हणून लोक त्याला वाढवतात, हे त्याला इतकं आवडलं की तो चक्क हसला. ओदेतने मला जवळ ओढलं, दोन्ही गालांवर ओठ टेकले आणि म्हणाली, बिचारी पोर, किती घाबरली असेल. मला त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आईने आणि रेमोंने महिनाभर त्या टाकीवर सगळे उपाय केले. शेवटी त्या गोडसर रसाला व्हिनेगरचा वास मारू लागला आणि आईने स्वतःच्या हाताने तोटी उघडून तो नाल्यात सोडला. रेमों म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा देतो टाकी. आईने नको म्हटलं. रेमोंचा हात काही पहिल्यासारखा झाला नाही, मुलाने सिडनीहून येऊन मळा विकायच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि वेली उपटल्या गेल्या. आज तिथे घरं आहेत, एकासारखी एक, आणि त्यातल्या एका रस्त्याला मर्लोचं नाव दिलंय.

आम्ही ओटाहुहुला परतलो. मला जे पाहिजे होतं ते अगदी ठरवल्यासारखं मिळालं, आणि त्यात मला आठवडाभरही बसवलं नाही. मेले तीच होती, टीम तीच होती, मीच खिडकीशी जाऊन उभी राहायची. मग मी वेलिंग्टनला गेले, मग मेलबर्नला, मग परत. तीन नोकऱ्या, एक लग्न, सात घरं. प्रत्येक ठिकाणी पहिल्या महिन्यातच मला दार कुठे आहे ते बघायची सवय. आईला एका लॅबमध्ये काम मिळालं. निवृत्त होईपर्यंत ती लोकांच्या लघवीचे नमुने तपासत होती आणि त्याबद्दल तिने कधी वाईट तोंड केलं नाही. फक्त एक बदललं. त्या दिवसानंतर ती मला "दिवा वाढव" असं कधी म्हणाली नाही. "मिनू, दिवा बंद कर," असं म्हणायची. अशुभ बोललं जाऊ नये म्हणून जन्मभर जपलेला शब्द तिने माझ्यापुरता सोडून दिला. मी धरून चालले की तिने माझं खरं मानलं.

गेल्या महिन्यात शनिवारी सकाळी आम्ही तिघी बाजाराला निघालो होतो. आई, मी आणि माझी लेक अन्वी. अन्वी बारा वर्षांची, इथेच जन्मलेली, आजीचं सगळं समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. आई दारात काठी टेकून उभी होती आणि तिने चुकून माझ्या जँडल्स, इथल्या रबरी सपाता, घातल्या होत्या. तिने आत हाक मारली, "अन्वी, दिवा वाढव गं." इतक्या वर्षांनी. मी पिशवीत पिशवी घालत होते, ती घालायची राहिली. अन्वी देवापुढे थांबली आणि तिथून ओरडली, "आजी, वाढव लाइक अप, ऑर डाऊन?"

"डाऊन, बाळा. पाकळीने."

मग आईने जँडल्स काढून स्वतःच्या चपला शोधायला सुरुवात केली आणि खाली बघतच म्हणाली, "ज्या पोराला खरंच कळत नाही ना मिनू, ते आधी विचारतं."

मला पळून जावंसं वाटलं, नेहमीसारखं, पण दारात तीच उभी होती. मी म्हटलं, "तुला कधीपासून..."

"बटण पाहिलं आणि फोन आठवला," आई म्हणाली. "हो आई, वाढवते. एवढं शुद्ध मराठी! एरवी तू मेली, ओकेच्या पुढे कधी जायची नाहीस." मेली हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"मग त्यांना तसं का सांगितलंस?"

"टाकी तर गेलीच होती," ती म्हणाली. "पोरगी कशाला घालवायची." तिने माझा दंड धरला आणि एक पायरी उतरून थांबली. "आता माझ्याकडे बघू नकोस, पायरीकडे बघ. हलू नकोस, मला नीट उतरू दे."

मी हलले नाही.